गुणाकाराची परवानगी

१९९९च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या चेस्टर इथल्या न्यायालयात सॅली क्लार्क या वकील महिलेला स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. थोरला ख्रिस्तोफर डिसेंबर १९९६मध्ये गेला, तेव्हा तो अकरा आठवड्यांचा होता. धाकटा हॅरी जानेवारी १९९८मध्ये आठ आठवड्यांचा असताना गेला.

फिर्यादी पक्षातर्फे सर रॉय मेडो या ख्यातनाम बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली. वरवर निरोगी दिसणारं बाळ झोपेत अचानक दगावतं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही, अशा मृत्यूला तिकडे ‘कॉट डेथ’ म्हणतात. घरात कुणी धूम्रपान करत नसेल, निदान एक जण कमावता असेल आणि आईचं वय २६च्या वर असेल, तर कॉट डेथची शक्यता ८,५४३ जन्मांमागे एक, असा आकडा त्या वेळच्या एका मोठ्या ब्रिटिश पाहणीत निघाला होता. क्लार्क कुटुंब तिन्ही अटींत बसत होतं. मेडो यांनी ८,५४३ला ८,५४३ने गुणून एकाच घरात असे दोन मृत्यू होण्याची शक्यता सांगितली: सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. ज्यूरीला कल्पना यावी म्हणून त्यांनी ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला. ऐंशीला एक असा भाव असलेल्या घोड्यावर तुम्ही पैसे लावलेत आणि तो जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा तसाच घोडा निवडलात आणि तोही जिंकला, असं लागोपाठ चार वर्षं घडण्याइतकं हे दुर्मीळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

दहा विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीचा निर्णय झाला. जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली.

त्या साक्षीत वैद्यकीय असं कितीतरी असेल, पण लोकांच्या डोक्यात राहिला तो हा गुणाकार. आकडेमोड म्हणून त्यात काहीच चूक नाही. ८,५४३चा वर्ग कुणीही करून पाहावा. प्रश्न आहे तो ते दोन आकडे एकमेकांना गुणायची परवानगी कुठून आली, हा.

शाळेत संभाव्यता शिकताना ‘आणि’ आलं की गुणायचं, असं मुलं पाठ करतात. खरा नियम थोडा लांब आहे. अ आणि ब या दोन्ही घटना घडण्याची शक्यता म्हणजे अ घडण्याची शक्यता गुणिले, अ घडल्याचं कळल्यानंतरची ब घडण्याची शक्यता. एवढा अख्खा नियम नेहमी लागू पडतो. त्यातलं ‘कळल्यानंतरची’ हे गाळायची मुभा एकाच परिस्थितीत मिळते: अ घडल्याचं कळूनही ब बद्दलचा आपला अंदाज तसूभर हलत नसेल तर. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. अब्राहम द म्वाव्र या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात लंडनमध्ये बसून, जुगाराच्या हिशेबांवर पुस्तक लिहिताना, ही कल्पना नीट मांडली. १९३३मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी संभाव्यतेला आजचा काटेकोर पाया दिला, तेव्हाही स्वातंत्र्याची ही कल्पना त्या शास्त्राच्या केंद्रस्थानी राहिली.

आता शर्यतीचं उदाहरण पुन्हा पाहा. या वर्षी एक घोडा जिंकला, पुढच्या वर्षी तुम्ही वेगळ्याच घोड्यावर पैसे लावलेत. पहिला निकाल कळून दुसऱ्याबद्दलचा अंदाज बदलायला जवळजवळ काहीच कारण नाही. तिथे गुणाकार शोभतो. पण दोन सख्खी भावंडं म्हणजे दोन वर्षांच्या दोन शर्यती नव्हेत. त्यांचे आईबाप एक, घर एक, अंथरूण-पांघरुणाच्या सवयी त्याच, रक्तातून आलेले गुणदोषही बरेचसे तेच. शर्यतीच्या दाखल्याने जी गोष्ट सिद्ध करायला हवी होती ती आधीच धरून चालली गेली, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. मला त्या साक्षीतला हा भाग सर्वांत घातक वाटतो. आकडा मोठा होता म्हणून नव्हे. दाखला इतका ओळखीचा होता की शंका घ्यायला जागाच उरली नाही म्हणून.

इथे एक समजूत आड येते. दोन घटना एकमेकींवर परिणाम करत नसतील तर त्या स्वतंत्र, असं बहुतेकांना वाटतं. थोरल्याच्या मृत्यूने धाकट्याचा मृत्यू ओढवला असं कुणीच म्हणत नाही, मग गुणायला हरकत काय? हरकत दाखवायला एक काल्पनिक हिशेब करू. एक लाख घरं धरा, प्रत्येकात दोन मुलं. यातल्या ९०,००० घरांत अशा मृत्यूची शक्यता दहा हजारांत एक आहे. उरलेल्या १०,००० घरांत, बाहेरून न दिसणाऱ्या एखाद्या कारणाने, ती शंभरात एक आहे. कोणतं घर कुठल्या गटातलं हे कुणालाच ठाऊक नाही. शिवाय प्रत्येक घरात दोन्ही मुलांचं नशीब एकमेकांपासून पूर्णपणे सुटं आहे असं धरू.

पहिल्या मुलांचा हिशेब असा: मोठ्या गटात ९ मृत्यू, छोट्या गटात १००, एकूण १०९. म्हणजे सरसकट शक्यता सुमारे ९१७त एक. तिचा वर्ग केला तर एकाच घरात दोन मृत्यू होण्याची शक्यता साडेआठ लाखांत एकच्या आसपास येते. आता खरोखर काय होईल ते पाहा. ज्या १०९ घरांत पहिलं मूल गेलं, त्यातली १०० घरं छोट्या गटातली आहेत. तिथे दुसऱ्या मुलाची शक्यता शंभरात एक, म्हणजे त्या शंभरातल्या साधारण एका घरात दुसराही मृत्यू होणार. लाखात एक! गुणाकाराने सांगितलं त्याच्या आठपटींहून जास्त.

पहिल्या मृत्यूने दुसऱ्याला हातही लावलेला नाही. पण तो घडल्याचं कळलं, आणि ते घर कोणत्या गटातलं असावं याबद्दलचा आपला अंदाज पार बदलला. दोन घटनांच्या मागे एकच अज्ञात गोष्ट उभी असेल, तर त्या एकमेकींना न शिवताही परावलंबी असू शकतात. क्लार्क खटल्यात तर याचा पुरावा त्याच पाहणीच्या तक्त्यात होता. सरसकट सगळ्या घरांची शक्यता तिथे १,३०३त एक होती, तिन्ही अटींत बसणाऱ्या घरांची ८,५४३त एक, आणि तिन्ही बाबतींत उलटी परिस्थिती असलेल्या घरांची २१४त एक. घर बदललं की शक्यता चाळीसपट बदलते हे ज्या पाहणीने दाखवलं, तिचेच आकडे घरातल्या दोन मुलांसाठी सुटे धरून गुणले गेले.

ऑक्टोबर २००१मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून या गुणाकाराला संख्याशास्त्रीय आधार नाही, असं स्पष्ट सांगितलं. जानेवारी २००३मध्ये दुसऱ्या अपिलात सॅली क्लार्क सुटली. सुटकेचं मुख्य कारण वेगळं होतं: हॅरीच्या शरीरात जंतुसंसर्ग सापडल्याचे प्रयोगशाळेचे अहवाल बचाव पक्षाला कधी दिलेच गेले नव्हते. पण त्या आकड्यावर पूर्ण युक्तिवाद झाला असता तर बहुधा तेवढ्यावरही अपील मान्य करावं लागलं असतं, असं न्यायाधीशांनी निकालात नोंदवलं. तोवर तिची तीन वर्षांहून अधिक तुरुंगात गेली होती. २००७मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, ती वारली. त्या आकड्यात दुसरीही एक गफलत होती, निर्दोष माणसाच्या बाबतीत पुरावा दिसण्याची शक्यता आणि पुरावा दिसल्यावर माणूस निर्दोष असण्याची शक्यता या दोन गोष्टी एकच मानण्याची; पण तिच्यासाठी वेगळं प्रकरणच लागेल.

मग दोन घटना स्वतंत्र आहेत की नाहीत, हे ठरवायचं कसं?

सगळ्या शक्यता मोजता येत असतील तर काम सोपं आहे. पत्त्यांचा कॅट घ्या, ५२ पानांचा. पिसून एक पान ओढा. ते एक्का असण्याची शक्यता ५२त ४, म्हणजे १३त एक. बदामाचं असण्याची चारात एक. दोन्ही, म्हणजे बदामचा एक्का, ५२त एक. तेरा चोक बावन्न. गुणाकार तंतोतंत जुळला. पान बदामाचं आहे असं कुणी कानात सांगितलं तरी ते एक्का असण्याची शक्यता १३त एकच राहते. घटना स्वतंत्र.

आता कॅटमधली इस्पिकची दुर्री हरवली आहे असं समजा. उरली ५१ पानं. एक्क्याची शक्यता ५१त ४, बदामाची ५१त १३, बदामच्या एक्क्याची ५१त १. गुणाकार येतो २,६०१त ५२, आणि प्रत्यक्ष शक्यता आहे २,६०१त ५१. फरक केसाएवढा, पण आहे. म्हणजे एक्का आणि बदाम यांचं स्वातंत्र्य संपलं. एक्क्याशी नाही, बदामाशी नाही, कशाशीच संबंध नसलेलं एक पान गेलं आणि ते मोडलं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण त्यातून कळतं की स्वातंत्र्य हा त्या दोन घटनांच्या अंगचा गुण नाही. ते सगळ्या शक्यतांच्या मांडणीवर अवलंबून असतं, आणि ती मांडणी जरा हलली की घटना त्याच राहूनही नातं बदलतं.

एका फाशावरही हे दिसतं. ‘सम आकडा पडला’ आणि ‘चार किंवा त्याहून कमी पडला’ या घटना एकाच फाशाच्या एकाच फेकीतल्या आहेत. एकीची शक्यता दोनात एक, दुसरीची तिनात दोन, दोन्ही मिळून (म्हणजे २ किंवा ४) तिनात एक. गुणाकार बरोबर, म्हणून स्वतंत्र. ‘चार’च्या जागी ‘तीन किंवा कमी’ घ्या. दोन्ही मिळून फक्त २ उरतो, सहात एक. गुणाकार मात्र चारात एक सांगतो. स्वातंत्र्य गेलं. नुसतं वाक्य वाचून, घटना ‘वेगवेगळ्या वाटतात’ म्हणून, हे सांगता आलं नसतं. मोजावंच लागतं.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडणारा घोटाळा परस्परविरोधी घटनांचा. ‘छापा पडला’ आणि ‘काटा पडला’ या एका वेळी घडूच शकत नाहीत, एकमेकींपासून तुटलेल्या आहेत, म्हणून त्यांना स्वतंत्र म्हणून मोकळं होतात. खरं तर याहून जास्त परावलंबी घटना मिळणं कठीण. एक घडल्याचं कळलं की दुसरीची शक्यता सरळ शून्यावर येते.

जिथे पत्ते आणि फासे नसतात तिथे प्रत्येक नवा आकडा गुणताना, आधीचं सगळं कळल्यावर याची शक्यता किती, असं विचारत जावं लागतं. १९६४मध्ये लॉस एंजेलिसमधल्या सॅन पेद्रो भागात एका वृद्ध बाईची पर्स हिसकावली गेली. साक्षीदारांनी सोनेरी केसांची पोनीटेल बांधलेली तरुणी आणि पिवळ्या गाडीतला दाढीमिशीवाला कृष्णवर्णीय पुरुष असं वर्णन केलं. त्यावरून पकडलेल्या कॉलिन्स दांपत्याच्या खटल्यात सरकारी वकिलांनी गणिताच्या एका अध्यापकाकडून गुणाकाराचा नियम वदवून घेतला आणि स्वतःच्या अंदाजाचे आकडे त्यात भरले: पिवळी गाडी दहात एक, मिशी चारात एक, पोनीटेल दहात एक, सोनेरी केस तिनात एक, दाढीवाला कृष्णवर्णीय दहात एक, गाडीत मिश्रवर्णीय जोडपं हजारात एक. उत्तर आलं १ कोटी २० लाखांत एक. पण दाढी राखणाऱ्यांपैकी बहुतेकांना मिशीही असते. आणि सोनेरी केसांची बाई व कृष्णवर्णीय पुरुष एका गाडीत आहेत हे सांगून झाल्यावर ‘मिश्रवर्णीय जोडपं’ हा नवा पुरावा नाहीच. तीच गोष्ट पुन्हा मोजून हजारपट वाढवली गेली. १९६८मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माल्कम कॉलिन्सची शिक्षा रद्द केली.

तीन किंवा अधिक घटना असतील तर आणखी एक खाच आहे. दोन-दोन करून तपासलं आणि प्रत्येक जोडी स्वतंत्र निघाली, तरी सगळ्यांचा मिळून गुणाकार करता येईलच असं नाही. सर्गेई बर्नस्टाइन या रशियन गणितज्ञाच्या नावाने हे उदाहरण ओळखलं जातं. दोन नाण्यांवर ते असं दिसतं. पहिल्यावर छापा, दुसऱ्यावर छापा, दोन्हींवर सारखंच, अशा तीन घटना. प्रत्येकीची शक्यता दोनात एक. कोणत्याही दोन घ्या, एकत्र घडण्याची शक्यता चारात एक, गुणाकाराप्रमाणेच. पण तिन्ही एकत्र? दोन्हींवर छापा पडला की तिसरी आपोआप घडते, म्हणजे शक्यता चारात एकच, आठात एक नव्हे. एकेकटीकडून तिसरीबद्दल काहीच कळत नाही, दोघींकडून सगळं कळतं. संगणकाच्या साठवणुकीत याच गुणाचा उपयोग करतात. दोन डिस्कवरच्या माहितीची अशी ‘सारखं की वेगळं’ नोंद तिसरीवर ठेवली, की तिघींपैकी कोणतीही एक बिघडली तरी उरलेल्या दोघींवरून ती पुन्हा भरता येते.

प्रत्यक्ष जगात बहुतेक वेळा आपल्याकडे शक्यता नसतात, नोंदी असतात. टायटॅनिकच्या ब्रिटिश चौकशीतले आकडे घ्या. जहाजावर २,२०१ माणसं, वाचली ७११, म्हणजे शेकडा ३२. तिकिटाचा वर्ग आणि जीव वाचणं या गोष्टी स्वतंत्र असत्या, तर प्रत्येक वर्गात साधारण हेच प्रमाण दिसायला हवं होतं. पहिल्या वर्गाच्या ३२५ प्रवाशांतले १०५ वाचायला हवे होते, वाचले २०३. तिसऱ्या वर्गाच्या ७०६पैकी २२८ अपेक्षित, वाचले १७८. दुसरा वर्ग २८५, अपेक्षित ९२, वाचले ११८. खलाशी-नोकर ८८५, अपेक्षित २८६, वाचले २१२.

थोडाफार फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, तेव्हा किती फरकाला फरक म्हणायचं? कार्ल पिअर्सन यांनी १९००मध्ये त्यासाठी काय-वर्ग कसोटी दिली. प्रत्येक चौकटीतला अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं आणि वाचलेले-बुडालेले अशा सगळ्या चौकटींची बेरीज करायची. चार गटांच्या अशा तक्त्यात, घटना स्वतंत्र असताना, ही बेरीज ७.८च्या वर शंभरातून पाच वेळाच जाते. टायटॅनिकच्या तक्त्यात ती १९०च्या घरात येते.

तरी या तक्त्यावर थांबू नये. पहिल्या वर्गात बायकांचं प्रमाण जास्त होतं आणि होड्यांत बायका-मुलांना आधी बसवलं गेलं, मग हा वर्गाचा परिणाम की बाई असण्याचा? म्हणून वेगवेगळं मोजायचं. बायका आणि मुली: पहिल्या वर्गात १४५पैकी १४१ वाचल्या, दुसऱ्यात १०६पैकी ९३, तिसऱ्यात १९६पैकी ९०. इथे वर्ग ठसठशीत दिसतो. पुरुष आणि मुलगे: पहिल्यात १८०पैकी ६२, दुसऱ्यात १७९पैकी २५, तिसऱ्यात ५१०पैकी ८८. म्हणजे दुसऱ्या वर्गात शेकडा १४ आणि तिसऱ्यात १७. पुरुषांपुरतं पाहिलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात वाचण्याच्या बाबतीत भेद करावा असं फारसं काही नाही. त्याच जहाजावर, त्याच रात्री, बायकांसाठी तिकिटाचा वर्ग जीवनमरणाचा प्रश्न होता आणि या दोन वर्गांतल्या पुरुषांसाठी जवळजवळ नव्हता.

नोंदींतून परावलंबन दाखवता येतं. स्वातंत्र्य सिद्ध करता येत नाही. फार तर आतापर्यंतच्या नोंदींत संबंध दिसला नाही, एवढंच म्हणता येतं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे ज्या वस्तूच्या स्वातंत्र्याबद्दल कुणालाच शंका नव्हती ते नाणं. मार्च २०२५मध्ये दुबईला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात भारत सलग पंधरावी एकदिवसीय नाणेफेक हरला. आता पुढची तरी जिंकणारच, असं घरोघरी बोललं गेलं असेल. नाण्याला मागचे पंधरा निकाल ठाऊक नसतात, म्हणून पुढची शक्यता दोनात एकच, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते व्यवहारात बरोबर आहे.

पण पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये गणिताने दाखवलं की हाताने उडवलेलं नाणं हवेत जरा डुलतं, आणि त्यामुळे उडवताना जी बाजू वर होती तीच वर येण्याकडे त्याचा किंचित कल असतो. २०२३मध्ये युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून ते पडताळलं. आधीचीच बाजू वर आली शेकडा ५०.८ वेळा. याचा अर्थ असा की पडलेलं नाणं जसं आहे तसं उचलून पुन्हा उडवलं, तर मागचा निकाल पुढच्यात झिरपतो. लागोपाठच्या दोन नाणेफेकी स्वतंत्र राहत नाहीत. हे तोवर कुणाला दिसलं नाही यात नवल नाही. हजार वेळा नाणं उडवलं तर या कलामुळे आठेक निकाल इकडचे तिकडे होतील, आणि नुसत्या योगायोगाने होणारा चढउतारच पंधरा-सोळाचा असतो. साडेतीन लाख वेळा उडवल्यावर मात्र योगायोगाचा चढउतार ३००च्या आसपास राहतो आणि जादा निकाल अडीच हजारांच्या पुढे जातात.

महत्त्वाचा निर्णय नाण्यावर सोपवायचा असेल तर उडवण्यापूर्वी कोणती बाजू वर आहे ते झाकून ठेवा, असं या संशोधकांचं सांगणं आहे. नाण्याचा कल त्याने जात नाही. पण सुरुवातीला दोन्हींपैकी कोणतीही बाजू वर असण्याची शक्यता सारखीच आहे आणि ‘छापा’ म्हणणाऱ्या कप्तानाला ती ठाऊक नाही, तेव्हा त्याचा कौल आणि नाण्याचा निकाल पुन्हा एकमेकांपासून स्वतंत्र होतात, आणि त्याची शक्यता बरोब्बर दोनात एक येते.